उचललेला भंडारा

सरसों कापायची ती दव असेतोवरच. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा आपल्या हाती न येता मातीत जातो. म्हणून फाल्गुन लागला की खेरियातल्या सुर्व्यांच्या घरातून चहा व्हायच्या आधी विळे बाहेर पडत. ग्वाल्हेरहून बसने तासाभरावर असलेल्या या गावात मराठी घरं आता तीनच उरली होती. सुर्व्यांच्या खापरपणजोबांना फौजेतल्या चाकरीबद्दल इथे जमीन मिळाली. पुढे फौज गेली, चाकरी गेली, वाटण्या होत होत कान्होजीच्या वाट्याला आठ बिघे आले. आमच्या घरात शुद्ध मराठी चालते, असं कान्होजी छातीठोकपणे सांगायचा आणि त्याच वाक्यात चार हिंदी शब्द पेरायचा. मोहरीला मोहरी म्हणताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी मजूर मिळेना. गावातले कापणीवाले बायकापोरांसह हायवेच्या कामावर गेले होते. वर आभाळाचंही काही खरं नव्हतं. दुपार कलली की पश्चिमेला मळकट ढग जमायचे आणि कान्होजी विळा खांद्याला अडकवून त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

"बघून बघून काय ते परत जाणार आहेत?" इंदू म्हणायची. "कापा."

इंदू त्याची बायको. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिच्या उजव्या हाताला तिची धाकटी बहीण मंदा कापत असायची. कापत असायची असं म्हणायचं एवढंच. मंदा ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमला दोन खोल्यांत राहणारी, नवरा तिथल्या पाटणकर बाजारात कापडाच्या दुकानात. विळा धरायची तिला सवय नव्हती. तिच्या मागे अर्धी धसकटं उभीच राहायची आणि कान्होजी काही न बोलता ती परत कापायचा. तरी दरवर्षी कापणीला ती आठ दिवस यायची. तळहाताला फोड यायचे, त्यांवर हळद लावायची आणि पुन्हा सकाळी उभी.

"मौसी बड़ी मेहनती है," शेजारणी म्हणायच्या. मंदा हसून सोडून द्यायची. ती कशाला येते हे शेतातल्या तिघांना ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हती.

ती गरिमाला बघायला यायची. गरिमा आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी, इंदू आणि कान्होजीची एकुलती एक. आठ वर्षांपूर्वी तिला मंदानं जन्म दिला होता.

इंदूचं लग्न होऊन तेरा वर्षं झाली तरी घर रिकामंच होतं. तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. मंदाला पहिली स्मृती, तिच्या पाठीवर पुन्हा दिवस गेले तेव्हा ती स्वतःहून म्हणाली होती, "ताई, हे तुझं." बोलताना तिला ते सोपं वाटलं असेल. पण शब्द पाळला तिनं. सहा महिन्यांची पोर घेऊन ती खेरियाला आली आणि इंदूच्या ओटीत ठेवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण इंदूच्या मनात शंका शिरली. आज दिलेली उद्या मागितली तर? मोठी झाल्यावर पोरीला सांगितलं तर? तिनं देवघरातल्या खंडोबापुढे मंदाला बसवलं आणि तिच्या हातावर भंडारा ठेवला.

"म्हण. मी हिची आई आहे असं हिला कधी सांगणार नाही. सांगितलं तर हिच्यावर येईल."

"माझ्यावर येईल म्हणते ना, ताई."

"तुझ्यावर आलं तर तू सोसशील. हिच्यावर म्हण."

मंदानं म्हटलं. कान्होजीचे काका जयसिंहराव ताट धरून बसले होते. त्यांना हे आवडलं नव्हतं, पण बायकांच्या मधे कशाला पडा म्हणून ते गप्प राहिले. सुर्व्यांच्या घरात उचलल्या भंडाऱ्याचा शब्द कुणी मोडला नव्हता. मंदा सुर्व्यांची नव्हती, पण तिनंही तो मोडला नाही. पोर तिला मावशी म्हणू लागली तेव्हा तिनं मावशीसारखीच ओ दिली.

आता यात एक गोष्ट राहून गेली, आणि ती कान्होजीच्या आळसामुळे. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा समग्र नंबर असतो, त्यात घरातल्या माणसांची नावं चढलेली असतात. गरिमाचं नाव जन्मानंतर मंदाच्या कुटुंबात चढलं ते तिथेच राहिलं. शाळेत घालताना कान्होजीनं तोच नंबर दिला, रजिस्टरात बाप म्हणून स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढे बघू म्हणत घरी आला. पुढे बघू हा त्याचा आवडता शब्द. त्यानं दत्तकाचा कागदही केला नव्हता. देवासमोर झालंय, कागद कशाला?

मंदा आल्याच्या तिसऱ्या दिवशी शाळेत मास्तर कॉम्प्युटरवरून आणलेली यादी घेऊन बसले होते. एकेकाचं नाव वाचत, बरोबर की चूक विचारत. गरिमाच्या नावाशी थांबले.

"तेरा नाम तो ग्वालियर की फैमिली में चढ़ा है. माँ का नाम मंदा. ये कौन है?"

"मौसी."

"मौसी को माँ लिखवा दिया?"

पोरं हसली. मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांच्यापुढे अजून तीस नावं होती. "पापा को भेजना. इसी महीने ठीक करवाना है," म्हणून ते पुढच्या नावाकडे वळले. गरिमाही हसली. मग मधल्या सुट्टीत ती डबा न खाता पायरीवर बसून राहिली. मावशी कापणीलाच का येते, जाताना का रडते, आपल्या वेण्या घालायला तिला एवढा वेळ का लागतो, हे सगळं तिनं त्या पायरीवर जुळवलं असावं. मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते कळल्याचं आपल्याला फार उशिरा कळतं.

ती सरळ शेतावर आली. दप्तर बांधावर टाकलं. दोघी बहिणी शेजारी शेजारी वाकलेल्या होत्या. गरिमा मंदाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मावशी, तू माझी आई आहेस का?"

मंदाचा विळा जागच्या जागी राहिला. थोड्या अंतरावर पेंढ्या बांधणारा कान्होजी सरळ झाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी. कॉम्प्युटरमधे लिहिलंय. सांग ना. आहेस का?"

मंदानं मान वळवून इंदूकडे बघितलं. ते बघणं इंदूला पुढे कितीदा आठवलं असेल याचा हिशेब नाही. सांगू का, एवढंच त्यात होतं. इंदूनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण ती कापत राहिली. खर्र, खर्र, खर्र. एक मूठ, दुसरी मूठ. तिनं डोकं वर केलंच नाही.

"नाही गं," मंदा म्हणाली. "मी मावशी आहे तुझी. कॉम्प्युटर चुकला असेल."

"पक्का?"

"पक्का."

"ठीक है," गरिमा म्हणाली, दप्तर उचललं आणि घराकडे चालू लागली. पोर दुखावली की हिंदीत जाते, हे तिघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी मंदानं नेहमीसारखा कंगवा हातात घेतला. गरिमा म्हणाली, "मी घातल्या वेण्या." वाकड्यातिकड्या घातल्या होत्या. मंदानं कंगवा परत फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती निघाली, आठातले पाच दिवस बाकी असताना आणि अर्ध्याहून जास्त शेत उभं असताना.

"मंदे, शेत?" इंदूनं विचारलं.

"माझ्यानं नाही होणार, ताई." तिनं फोड आलेले हात पदरात गुंडाळले. बसमध्ये चढताना तिनं मागे वळून बघितलं नाही. बघायला कुणी आलंही नव्हतं. गरिमा गोठ्यात शेण काढत होती.

त्या दिवसापासून गरिमा चांगली वागू लागली. इतकी चांगली की कान्होजीला भीती वाटायला लागली. न सांगता उठायची, न सांगता भांडी घासायची. म्हशीचं पाणी, वासराचा चारा, सांडलेल्या शेंगा वेचणं. एकदा जेवताना तिनं विचारलं, "आई, अजून अर्धी पोळी घेऊ?"

इंदू घाईत होती. "घे की," म्हणाली आणि तव्याकडे वळली. कान्होजीचा घास हातात राहिला. आजवर पोरीनं डब्यात हात घालून घेतली होती, वर गूळ कुठंय म्हणून ओरडली होती.

हात धुताना तो इंदूला हळूच म्हणाला, "ऐकलंस काय? पोळी विचारून घेते आहे ती."

"मग? शहाणी झाली."

"पाहुणी झाली," कान्होजी म्हणाला. "तू त्या दिवशी वर का नाही पाहिलंस?"

"तुम्ही का नाही बोललात? तुमच्या तोंडात काय होतं?"

तो पुढे बघू म्हणणार होता, पण त्यालाच त्या शब्दाची लाज वाटली. दोघं दोन दिशांना कामाला गेली.

मंदा गेल्याच्या चौथ्या दिवशी ढग परत गेले नाहीत. तीन वाजता अंधारून आलं, वारा आधी पडला आणि मग एकदम सुटला. कापलेल्या पेंढ्या शेतभर पसरल्या होत्या. तिघंही धावली. कान्होजीनं ट्रॉलीवरची झाकायची तिरपाल ओढून काढली, इंदू दोन दोन पेंढ्या काखेत मारून आणू लागली. गरिमा आपल्या उंचीएवढी पेंढी जमिनीवरून ओढत होती. पडायची, उठायची, परत ओढायची.

"तू घरी जा!" इंदू ओरडली.

"मी करते! करते मी!"

पहिली गार कान्होजीच्या खांद्यावर बसली. मग बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या. इंदूनं पोरीला खेचलं आणि दोघी ट्रॉलीच्या खाली शिरल्या. कान्होजी तिरपालीची टोकं धरून वाऱ्याशी झटत होता. समोर उभं शेत डोळ्यांदेखत लोळत होतं. शेंगा फुटण्याचा आवाजही गारांच्या आवाजात ऐकू येत नव्हता. मंदा असती तर अजून दोन वाफे निघाले असते, असं इंदूच्या मनात आलं. आणि मंदा का नाही, हेही लगेच आलं.

तिनं गरिमाचे हात धरले. धसकटांनी दोन्ही तळवे कापले होते, डाव्या हाताचं रक्त कोपरापर्यंत आलं होतं. फोड आलेले ते छोटे हात हुबेहूब मंदाचे होते.

"दुखतंय का गं?"

"नाही. मी अजून करू शकते, आई. गारा थांबल्या की करते. मला परत नको पाठवू."

ती रडणारी बाई नव्हती. तीन वेळा पोटातलं गेलं तेव्हाही ती तिसऱ्या दिवशी शेतात आली होती. आता ती ट्रॉलीखाली चिखलात बसून मोठ्यानं रडली आणि रडता रडता तिनं सगळं सांगितलं. ओटी, खंडोबा, भंडारा, सगळं.

"मावशी खोटं नाही बोलली. मी बोलायला लावलं. ती बोलली असती तर तुला काही होईल म्हणून तिनं भिऊन नाही म्हटलं."

गरिमानं आपले हात सोडवून घेतले.

"आणि तू का गप्प होतीस?"

"मला भीती वाटली."

"कशाची?"

"तू तिच्याकडे निघून जाशील याची."

"मी कशी जाणार?" गरिमा म्हणाली. "मला तर रस्ता पण नाही मालूम." मग थोड्या वेळानं, "स्मृतीला का नाही दिलं?"

ती आधी आली म्हणून. तू नंतर आलीस म्हणून. असलं उत्तर आठ वर्षांच्या मुलीला कसं द्यायचं? तिनं पदर फाडून पोरीच्या हाताला बांधला.

त्या रात्री चुलीपाशी गरिमानं डब्यातून पोळी काढली. विचारलं नाही. पण गूळही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी इंदू जयसिंहरावांकडे गेली. म्हातारा उन्हात खाटेवर बसला होता.

"काका, उचललेला भंडारा परत घेता येतो का?"

"ज्यानं उचलायला लावला त्यानंच मागून घ्यायचा," ते म्हणाले. "उचलणाऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि वाकून त्या हातावर आपलं कपाळ टेकायचं. जमेल तुला? धाकटी आहे ती तुझी."

"जमवावं लागेल."

"तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं," जयसिंहराव म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवून बसले.

सरसोंचं निम्मं पीक गेलं. जे उरलं ते मळून झालं. मग कान्होजीनं आयुष्यात पहिल्यांदा पुढे न बघता वकील गाठला. गोदनामा, म्हणजे दत्तकाचा कागद, झाला, मंदाच्या नवऱ्यानं दुकानातून तासाभराची सुट्टी काढून त्यावर सही केली. राहिलं समग्रचं काम. त्यासाठी चैत्रातल्या एका सकाळी ग्वाल्हेरात फूलबागेजवळच्या ऑनलाइन कामांच्या कियोस्कवर मंदा येणार होती, कारण त्यांच्या कुटुंबाला जोडलेला मोबाईल तिचा होता.

ती आधीच येऊन पायरीवर बसली होती. वाळली होती. गरिमाला बघून उठली आणि हात पुढे करावा की नाही हे न कळून तशीच राहिली.

इंदूनं चपला काढल्या. कंबरेची पुडी सोडली. येणारेजाणारे बघत होते, आत फोटोकॉपीचं मशीन खडखडत होतं. तिनं मंदाचा हात ओढून त्यावर भंडारा ठेवला आणि वाकून कपाळ टेकलं.

"परत घेतला मी, मंदे. बोल आता तिच्याशी. काय बोलायचं ते बोल."

इंदूच्या कपाळावर पिवळा ठसा उमटला. मंदा गरिमासमोर बसली.

"त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मला मालूम आहे. आईनं सांगितलं."

"अजून काही विचारायचंय?"

गरिमानं विचार केला. "मला दिलं तेव्हा मी रडले होते का?"

"नाही. झोपली होतीस."

"झोपेत दिलं?"

मंदानं होकारार्थी मान हलवली. तिला सांगायचं होतं की परत जाताना बसमध्ये तिचं अंग दुधानं भिजलं होतं, की घरी गेल्यावर स्मृतीनं बाळ कुठंय विचारलं होतं. सात-साडेसात वर्षं तिनं हे रोज मनात म्हटलं होतं. आता मोकळीक मिळाली तर त्यातलं एकही तोंडातून येईना.

"त्या दिवशी वर बघितलं असतं मी तर," इंदू म्हणाली, "तिनं विचारलं तेव्हाच..."

"हो ताई," मंदा म्हणाली. "तेव्हा सांगता आलं असतं."

आत कियोस्कवाल्यानं कागद चाळले. "तो बच्ची को इस परिवार से हटाना है, फिर उधर जोड़ना है. ओटीपी आएगा. बोलिए."

मंदाच्या मोबाईलवर आकडे आले. ती बघत राहिली. कान्होजी खाकरला. इंदूनं आयुष्यभर हेच मागितलं होतं, पोर कायमची आपली, कागदावरसुद्धा. आणि आता ती देवाला म्हणत होती, नेट जाऊ दे, लाईट जाऊ दे.

"मैडम, टाइम निकल गया. फिर से भेज रहा हूँ. इस बार जल्दी."

दुसऱ्यांदा आकडे आले. मंदानं डोळे पुसले, परत भरले. "मला दिसत नाही," ती म्हणाली.

गरिमानं तिच्या हातातून मोबाईल घेतला. शाळेत धडा वाचतात तसा स्पष्ट आवाजात तिनं वाचला.

"चार. शून्य. सात. सात. दो. नौ."

"हो गया," कियोस्कवाला म्हणाला. पडद्यावर मंदाच्या कुटुंबात आता तीन नावं उरली होती.

बाहेर ऊन तापलं होतं. कान्होजीनं सगळ्यांना उसाचा रस घेतला. कुणी फारसं प्यालं नाही. खेरियाची बस समोर लागली तेव्हा गरिमा मंदाकडे वळली.

"मावशी, पुढच्या वर्षी सरसों कापायला येशील ना?"

मंदानं तिची वेणी सरळ केली. "येईन."

"पक्का?"

"पक्का," मंदा म्हणाली.

गरिमानं तिच्या हाताकडे पाहिलं. तळहातावरचा भंडारा कधीच पुसला गेला होता.